बी आणि क्रॅबग्रासचं औषध एकाच शनिवारी नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत एडिसनजवळ गेल्या ऑक्टोबरात घर घेतलं, प्लॉट पाव एकराचा. बर्फ गेल्यावर लॉनचं खरं रूप दिसलं. पुढे उन्हात मोठमोठे टक्कल पडल्यासारखे पट्टे, मागे मेपलखाली नुसती माती, मधूनमधून डँडेलियन, आणि काही ठिकाणी रुंद पात्याच्या गवताचे झुपके, जे क्रॅबग्रास, म्हणजे लॉनमध्ये शिरणारं गवतवर्गीय तण, असावेत असं वाटतं. शेजारी म्हणाला, ‘या शनिवारी वीड प्रिव्हेंटर टाक आणि वर बी पसर, मेपर्यंत हिरवंगार होईल.’ (वीड प्रिव्हेंटर म्हणजे तण उगवू न देणारं औषध.) मागच्या अंगणात मुलं खेळतात, कुंपणाशी टोमॅटो-मेथीचा वाफा करायचा आहे. शेवटी एक घरगुती शंका आहे, सासूबाईंसाठी दूर्वांची. तिच्याकडे शेवटी येतो.

शेजाऱ्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि नेमका त्या अर्ध्यामुळे उरलेला अर्धा वाया जातो. मी मध्य न्यू जर्सीत अठरा वर्षं लॉनची कामं करतो आहे. ही चूक मी सगळ्यात आधी स्वतःच्या दारात केली होती. राहुरीहून कृषी पदवी घेऊन आलेला माणूस; गवत उगवायला काय लागतं, असा तोरा होता. सकाळी प्रिव्हेंटर मिसळलेलं खत टाकलं, दुपारी महागातलं बी पसरलं, तीन आठवडे इमानेइतबारे पाणी घातलं. उगवलं कुठे? स्प्रेडर, म्हणजे दाणे पसरणारी ढकलगाडी, फिरवताना दोन फेऱ्यांच्या मध्ये जिथे औषध पडायचं राहिलं होतं, तिथे चार बोटं रुंदीच्या सरळ हिरव्या रेघा उठल्या. बाकी सगळं उघडं. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघायचे.

कारण साधं आहे. क्रॅबग्रास रोखणारी नेहमीची औषधं, म्हणजे प्रोडायमिन, डायथायोपिर, पेंडीमिथॅलिन, ही बियाला मारत नाहीत. बी फुटतं आणि कोवळं मूळ औषधाच्या थरात शिरलं की त्या मुळाच्या पेशींचं विभाजन थांबतं, रोप तिथेच खुंटतं. आता क्रॅबग्रासही गवत आणि तुम्ही विकत आणलेलं केंटकी ब्लूग्रासही गवत. यातलं पैसे देऊन आणलेलं कुठलं, हे औषधाला कळत नाही. गावाकडे शेती असेल तर म्हणाल, सोयाबीन पेरल्यावर लगेच पेंडीमिथॅलिन फवारतातच की! फवारतात, पण सोयाबीनचं बी टपोरं असतं, दीड-दोन इंच खाली पडतं आणि औषधाचा थर वर राहतो. लॉनचं बी जिऱ्याहून बारीक, ते मातीच्या वरच्या पाव इंचातच असतं, म्हणजे बरोबर औषधाच्या थरात.

आधी तुमच्या निदानातली एक चूक दुरुस्त करू. मार्च-एप्रिलमध्ये हिरवे दिसणारे ते रुंद पात्याचे झुपके क्रॅबग्रास नाहीत. क्रॅबग्रास एका वर्षाचं पीक आहे. शरद ऋतूतल्या पहिल्या कडक दहिवराने ते मरतं आणि पुढच्या वसंतात बियापासून नव्याने उगवतं. एवढ्या लवकर हिरवा असलेला झुपका बहुतेक जुन्या जातीच्या टॉल फेस्क्यूचा किंवा ऑर्चर्डग्रासचा असतो. त्याला मारून बाकीचं लॉन राखणारं औषध घरच्या माणसाला सहज मिळत नाही. फावड्याने मुळासकट उचला आणि तिथे बी टाका, एवढंच.

मग क्रॅबग्रास कुठे आहे? पुढच्या टकलाच्या जागी. त्या पट्ट्यांवर करडा, वाळका, चटईसारखा पाला पसरलेला दिसत असेल, तर ते गेल्या उन्हाळ्यातल्या क्रॅबग्रासचं प्रेत आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही घर बघायला गेलात तेव्हा ते हिरवंगार असणार, आणि विकणाऱ्याने त्यालाच लॉन म्हणून दाखवलं असणार. मरण्याआधी त्याने त्याच जागी हजारो बिया टाकून ठेवल्या आहेत. म्हणजे तुम्हाला जिथे बी टाकायची सगळ्यात जास्त इच्छा होते, तिथेच क्रॅबग्रासचं कोठार भरलेलं आहे. आता त्यावर संरक्षण न करता बी टाकून रोज दोनदा पाणी घातलंत, तर तुम्ही क्रॅबग्रासची रोपवाटिका चालवाल.

म्हणून माझं म्हणणं असं: वसंतात मोठ्या क्षेत्रावर फक्त तण रोखा. बी टाकायचं ते अगदी उघड्या, गरजेच्या तुकड्यांवर, आणि तेही वेगळ्या औषधाच्या आधाराने. सगळ्या लॉनवर बी टाकायचं खरं काम गणपतीसाठी राखून ठेवा. गंमत नाही करत. इथल्या थंड हवामानातल्या गवतांसाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते साधारण २० सप्टेंबर हा वर्षातला सर्वोत्तम काळ, आणि गणेशोत्सव बहुतेक वर्षी याच दिवसांत येतो. माती उन्हाळ्याची ऊब धरून असते, रात्री गार होऊ लागतात, क्रॅबग्रासची नवी उगवण संपलेली असते. नव्या रोपाला पुढचे अडीच महिने आणि शिवाय सगळा वसंत मिळतो. एप्रिलमध्ये पेरलेल्या रोपाला मिळतात जेमतेम आठ-दहा आठवडे. मग जुलै येतो, ९० अंश फॅरेनहाइटच्या पुढचं ऊन, आणि दोन इंच मुळांवर उभं असलेलं ते रोप पाण्यावाचून चार दिवसांत माना टाकतं. मे महिन्यात लोक मला फोटो पाठवतात, बघा किती छान आलंय. ऑगस्टमध्ये त्यांचे फोटो येत नाहीत.

आता तुमच्या जागेचं बघू. पहिलं काम मोजमापाचं. पाव एकर म्हणजे १०,८९० चौरस फूट, पण त्यात घर, ड्राइव्हवे, डेक, फुलांचे वाफे सगळं आलं. ते वजा केलं तर तुमच्यासारख्या प्लॉटवर लॉन सहा हजार चौरस फुटांच्या आसपास निघतं. लोक प्लॉटच्या आकड्यावरून पिशव्या आणतात आणि जवळजवळ दुप्पट औषध टाकून बसतात. टेप घेऊन अर्धा तास फिरा, आकडा गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा. तो पुढची वीस वर्षं उपयोगी पडेल.

दुसरं, टक्कल का पडलं ते तपासा. मूठभर गवत धरून ओढा. सतरंजीसारखं सुटून आलं आणि खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या, तर हुमणीचा प्रकार आहे. इथे ती बहुधा जपानी भुंगेऱ्याची असते. अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली आपल्याच न्यू जर्सीत, रिव्हरटनला. वसंतात त्या अळ्या मोठ्या झालेल्या असतात, औषधाला सहज दाद देत नाहीत. पुढच्या पिढीसाठी क्लोरँट्रॅनिलिप्रोल हे कीटकनाशक मे-जूनपर्यंत टाकावं लागतं. अळ्या नसतील तर ओल्या मातीत सहा इंची स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. हाताच्या जोराने आत जात नसेल तर माती दाबली गेली आहे. एडिसन-ब्रिजवॉटर पट्ट्यात खाली लाल शेलचा खडक आहे, त्यावरची माती लालसर आणि चिकट. कोकणातल्या माणसाला ती बघून घरची आठवण येते, पण ती जांभ्याची नव्हे. पाणी मुरायला फार वेळ घेते. त्यातच नव्या वसाहतींमध्ये बिल्डरने वरची चांगली माती खरवडून नेलेली असते आणि वर दोन इंच माती पसरून हिरव्या गवताचे गालिचे अंथरलेले असतात.

पुढचं अंगण, जे उन्हात आहे आणि जिथे निम्म्याहून जास्त गवत शाबूत आहे, तिथे यंदा फक्त प्रिव्हेंटर टाका. कधी? तारीख बघू नका, माती बघा. दोन इंच खोलीवर मातीचं तापमान सलग काही दिवस ५५ अंश फॅरेनहाइटच्या आसपास राहिलं की क्रॅबग्रास उगवायला लागतं. औषध त्याच्या आधी पडलेलं हवं, आणि टाकल्यावर अर्धा इंच पाणी किंवा पाऊस मिळायला हवा, नाहीतर ते नुसतं पात्यांवर बसून राहतं. थर्मामीटर घ्यायचा नसेल तर रस्त्याकडेची फोर्सिथियाची झुडपं बघा. पिवळीजर्द फुललेली असताना वेळ आहे. पाकळ्या गळायला लागल्या की घाई करा. लायलॅक फुलला म्हणजे उशीर झाला. मध्य जर्सीत हे सगळं साधारण एप्रिलच्या पहिल्या तीन आठवड्यांत घडतं, पण उन्हात तापणाऱ्या ड्राइव्हवेच्या आणि फुटपाथच्या कडेला क्रॅबग्रास आठवडाभर आधी हजर असतं. उशीर झालाच तर प्रोडायमिनपेक्षा डायथायोपिर घ्या. नुकतंच उगवलेलं, अजून फुटवे न फुटलेलं क्रॅबग्रासही ते मारतं.

एक गोष्ट मात्र पिशवीवर ठळक लिहिलेली नसते. प्रोडायमिन जास्त मात्रेत टाकलं तर त्याचा असर चार-पाच महिनेही राहू शकतो. मग गणपतीत टाकलेलं बीसुद्धा अडकतं. म्हणून या वर्षी शरद ऋतूत बी टाकायचं ठरवलं असेल तर लेबलवरची सगळ्यात कमी मात्रा वापरा, किंवा डायथायोपिरच घ्या.

मागच्या अंगणात मुलांच्या झोपाळ्याखाली आणि चिखल होतो त्या वाटेवर गवत हवंच असेल, तर तिथे वसंतात बी टाका, पण मेसोट्रायोनसोबत. हे औषध वेगळ्या पद्धतीने काम करतं. ते तणाचा रंग घालवतं. क्रॅबग्रासचं रोप पांढरंफटक पडून मरतं, आणि केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास ही आपली गवतं तगतात. मूळ कल्पना बॉटलब्रशच्या झाडावरून आली. त्याच्याखाली दुसरं काही फारसं उगवत नाही, याचं कारण शोधताना हे रसायनांचं कुळ हाती लागलं. मक्याच्या शेतीत हे नाव बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल. लॉनसाठी ते पातळ औषध म्हणून मिळतं आणि नव्या गवताच्या स्टार्टर खतात मिसळलेल्या दाण्यांच्या पिशव्यांतही मिळतं. घरच्या माणसाने पिशवीच घ्यावी, चहाच्या चमच्याने औषध मोजून पंपात भरण्याच्या भानगडीत पडू नये. ज्या दिवशी बी त्याच दिवशी ते. असर चार ते सहा आठवडे, नंतर संपतो. मध्येच जुनं गवत थोडं पांढुरकं झालं तर घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत रंग परत येतो. मिश्रणात फाइन फेस्क्यू (बारीक पात्याचं, सावली सोसणारं गवत) जास्त असेल तर मात्र मेसोट्रायोन पेरणीच्या वेळी नको.

बियाच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच जातात. समोरच्या बाजूचं हिरवं चित्र विसरा, मागचं लेबल वाचा. कायद्याने तिथे जातींची नावं, उगवण टक्केवारी, तपासणीची तारीख, ‘वीड सीड’ (तणाचं बी) आणि ‘अदर क्रॉप’ (इतर पिकांचं बी) हे आकडे द्यावेच लागतात. ‘अदर क्रॉप’ शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं. तुमच्या अंगणातले ते रुंद पात्याचे झुपके अनेकदा याच रकान्यातून आलेले असतात. ‘ॲन्युअल रायग्रास’ दिसलं तर पिशवी परत ठेवा. ते आठवड्यात उगवून तुम्हाला खूश करतं आणि पुढच्या वर्षी नाहीसं होतं. काही बियांवर रंगीत लेप असतो आणि पिशवीचं निम्मं वजन त्या लेपाचंच असू शकतं. तेही लेबलवर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत.

जातींच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, आधुनिक लॉनच्या गवताचं माहेर हाकेच्या अंतरावर आहे. न्यू ब्रन्सविकच्या रटगर्स विद्यापीठात सी. रीड फंक यांनी गवतांच्या पैदाशीत हयात घालवली. १९६७ साली बाहेर आलेली ‘मॅनहॅटन’ ही बारमाही रायग्रासची जात त्यांचीच. तिची मूळ झाडं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, लोकांच्या पायाखाली वर्षानुवर्षं तगलेल्या गवतातून उचललेली होती. तुमच्या उन्हातल्या, चिकट मातीच्या जागेसाठी मी टर्फ प्रकारच्या टॉल फेस्क्यूचं मिश्रण सुचवेन, त्यात वजनाने थोडं ब्लूग्रास. टॉल फेस्क्यूची मुळं खोल जातात, उन्हाळा जास्त सोसतात. ब्लूग्रास जमिनीखालून धावून खड्डे भरून काढतं, पण उगवायला दोन ते चार आठवडे घेतं. रायग्रास पाच ते दहा दिवसांत दिसतं, फेस्क्यू एक ते दोन आठवड्यांत. दहाव्या दिवशी ‘ब्लूग्रास आलं नाही’ म्हणून पाणी बंद करणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

प्रमाण: उघड्या मातीवर टॉल फेस्क्यू हजार चौरस फुटांना सहा ते आठ पौंड, असलेल्या गवतात भर घालायला त्याच्या निम्मं. झोपाळ्याचा आणि वाटेचा तुकडा मिळून पाचशे चौरस फूट धरला तर साडेतीन-चार पौंड बी पुरे. सप्टेंबरात पूर्ण सहा हजारांसाठी पंचवीस पौंडांची एक पिशवी. ‘अजून थोडं टाकू’ हा मोह आवरा. दाट उगवलेली रोपं एकमेकांचं अन्न ओढतात आणि दमट हवेत बुरशीने बसतात.

पेरणी कशी करायची? सगळं यश बी आणि माती एकमेकांना टेकण्यात आहे. वाळक्या पाल्यावर पडलेलं बी म्हणजे पाखरांना घातलेले दाणे. आधी त्या जागेचं गवत दीड-दोन इंचांपर्यंत कापा, मग लोखंडी दंताळ्याने वाळका पाला जोर लावून ओढून काढा, माती दिसेपर्यंत. माती कडक असेल तर भाड्याने कोअर एअरेटर आणा. ते मातीच्या बोटभर गुंडाळ्या उपसून वर टाकतं, त्या तशाच राहू द्या, पावसाने विरघळतात. लहान तुकड्यासाठी बागेचा काटा किंवा कुदळही चालते. बी निम्मं उभ्या फेऱ्यांनी, निम्मं आडव्या फेऱ्यांनी टाका. मग दंताळं उलटं करून पाठीने हलकेच फिरवा, वर चाळलेलं कंपोस्ट पाव इंचाहून कमी पसरा, आणि पायाने दाबत चाला. मी ग्राहकांच्या मुलांना त्यावर नाचायला सांगतो; रोलर भाड्याने आणायची गरज पडत नाही. मेसोट्रायोनची पिशवी त्यानंतर.

पाणी पहिले दोन-तीन आठवडे थोडं थोडं, दिवसातून दोनदा, वारा-ऊन असेल तर तीनदा. वरचा अर्धा इंच ओला राहिला पाहिजे, डबकी साचता कामा नयेत. उगवण झाली की पाळी कमी करत, दर वेळचं पाणी वाढवत जा. शेवटी पावसासकट आठवड्याला एक इंच. रात्री उशिरा पाणी नको, पहाटे द्या. रोपं साडेतीन इंचांची झाली की पहिली कापणी, पातं धारदार करून. बोथट पात्याने कोवळी रोपं उपटूनच येतात. नंतर वर्षभर उंची तीन ते साडेतीन इंच ठेवा. मोवरचं चाक खाली करून ‘पंधरा दिवसांची निश्चिंती’ करणारा माणूस क्रॅबग्रासला आमंत्रण देतो. त्याच्या बियाला उजेड लागतो, आणि उंच गवत तो पोहोचू देत नाही. कापलेला पाला तिथेच पडू द्या, तो खतच आहे.

डँडेलियन. इथे थोडं थांबतो, कारण या पिवळ्या फुलांवर लोक विनाकारण एप्रिलचे शनिवार घालवतात. वीड अँड फीडची, म्हणजे तणनाशक मिसळलेल्या खताची, पिशवी वसंतात टाकली तर बी टाकलेल्या जागी ती चालत नाही. २,४-डी, डायकँबा, मेकोप्रॉप यांचं मिश्रण फवारल्यावर बी टाकायला साधारण महिनाभर थांबावं लागतं, आणि नवं गवत उगवल्यावर निदान तीन कापण्या होईपर्यंत ते फवारता येत नाही. म्हणून बियाच्या तुकड्यातले डँडेलियन पावसानंतर, माती मऊ असताना, लांब खुरपीने मुळासकट काढा. मूळ गाजरासारखं खोल असतं. वरचं तुटलं तर खालून पुन्हा फुटतं. बाकी ठिकाणी चाळीस-पन्नास झाडांसाठी सहा हजार फुटांवर औषध पसरू नका, हातपंपाने झाडागणिक फवारा. पण खरा नेम ऑक्टोबरात लागतो. तेव्हा झाड हिवाळ्यासाठी अन्न मुळाकडे ओढत असतं, त्याबरोबर औषधही खाली जातं. वसंतात फुललेल्या झाडाची पानं जळतात, मूळ अनेकदा वाचतं.

क्लोव्हर असेल तर माझ्या मते राहू द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी बाजारात येईपर्यंत पांढरं क्लोव्हर लॉनच्या मिश्रणात मुद्दाम घालत असत. ते रुंद पानाचं, औषधाने मरायचं, म्हणून पुढे त्याची गणना तणात झाली. ते हवेतला नत्र मातीत आणतं, जुलैत हिरवं राहतं. तुमच्या वसाहतीच्या संघटनेचं पत्र आलं तर तेव्हा बघू.

टोमॅटो-मेथीच्या वाफ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. टोमॅटो आणि द्राक्ष ही दोन पिकं २,४-डीच्या नुसत्या वाफेनेही पानं मुरडतात. नाशिककडच्या द्राक्षवाल्याला विचारा. वारा नसताना, ऊन चढायच्या आत, वाफ्यापासून दूर फवारा. उन्हाळ्यात क्रॅबग्रास हाताबाहेर गेलं तर दुकानदार क्विन्क्लोरॅक देईल. ते काम चांगलं करतं, पण फवारल्यानंतर कापलेला पाला वाफ्यात आच्छादन म्हणून किंवा कंपोस्टमध्ये कधीही टाकू नका. त्या पाल्याच्या जोरावर टोमॅटोची अख्खी रांग वाकडी झालेली मी पाहिली आहे, आणि घरमालक महिनाभर विषाणू शोधत होते. फवारलेल्या जागी सुकेपर्यंत मुलांना सोडू नका, आणि ड्राइव्हवेवर उडालेले खत-औषधाचे दाणे झाडून परत लॉनवर टाका, नाहीतर पहिल्या पावसात ते गटारातून ओढ्यात जातात.

खताला इथे कायदा आहे, २०११ चा, आणि देशातल्या कडक कायद्यांपैकी एक. घरमालकाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायचं नाही. एका वेळी हजार चौरस फुटांना नत्र जास्तीत जास्त ०.९ पौंड, वर्षाला ३.२ पौंड. फॉस्फरस माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय नाही. मात्र नवं बी टाकताना सवलत आहे, म्हणून स्टार्टर खत चालतं. हिशेब सोपा: पिशवीवरचा पहिला आकडा ३० असेल तर हजार फुटांना तीन पौंड खत म्हणजे ०.९ पौंड नत्र. वसंतात मी याच्याही निम्मंच देतो, कारण भरपूर नत्राने पातं वाढतं आणि मूळ मागे राहतं. माती परीक्षण रटगर्सच्या प्रयोगशाळेत होतं, तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन (कृषी विस्तार) कार्यालयातून नमुन्याची माहिती मिळते. सामू (पीएच) सहा ते साडेसहाच्या दरम्यान हवा. अहवाल येण्याआधी चुना टाकू नका, शेजाऱ्याने कितीही सांगितलं तरी. सेंद्रिय म्हणून कॉर्न ग्लूटेन विकतात. हजार फुटांना वीस पौंड टाकावं लागतं, त्यात दोन पौंडांच्या आसपास नत्र जातं, तेही बी उगवू देत नाही, आणि आमच्याकडच्या ओल्या वसंतात त्याने क्रॅबग्रास थांबलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

जूनमध्ये लॉनच्या वर झपाट्याने वाढणारं, पिवळसर, चकचकीत काही दिसलं तर देठ बोटांत फिरवून बघा. त्रिकोणी लागला तर तो आपला लव्हाळा, म्हणजे त्याचा इथला पिवळा भाऊ. क्रॅबग्रासच्या प्रिव्हेंटरांना तो दाद देत नाही, मेसोट्रायोनने थोडाफार दबतो; पुरता बंदोबस्त करायला हॅलोसल्फ्युरॉन वेगळं आणावं लागतं. उपटू नका, खालच्या गाठी तशाच राहतात.

मेपलखालची जागा सोडून द्या. इथल्या जुन्या वसाहतींत ते बहुधा नॉर्वे मेपल असतं. सावली दाट, मुळं वरच्यावर, सगळं पाणी तेच पितं. मी तिथे तीन वर्षं तीन प्रकारचं बी टाकून पाहिलेलं आहे, ग्राहकाच्या पैशाने एकदा आणि माझ्या पैशाने दोनदा. फाइन फेस्क्यू बाहेरच्या कडेला, जिथे चार तास तरी ऊन येतं, तिथे जमेल. आत लाकडाच्या भुग्याचा दोन-तीन इंचांचा थर द्या, बुंध्याला न टेकवता.

आता दूर्वा. दूर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी म्हणजे इथलं बर्म्युडा ग्रास. जॉर्जिया-टेक्सासात त्याची लॉनं करतात, आपल्याकडे ते तण आहे. गावाकडे बांधावरची हरळी शेतात शिरली की जे होतं तेच इथे होतं. हिवाळाभर ते वाळक्या गवतासारखं पिवळं पडतं आणि जूनमध्ये शेजाऱ्याच्या अंगणात निघतं. तेव्हा सासूबाईंना सांगा, दूर्वा मिळतील, पण कुंडीत. मे महिन्यात बर्म्युडा ग्रासचं बी रुंद कुंडीत टाका, सगळ्यात कडक ऊन असेल तिथे ठेवा, गणपतीपर्यंत एकवीस जुड्या सहज निघतील. कुंडी मातीवर ठेवू नका, डेकवर किंवा काँक्रीटवर ठेवा, आणि काठावरून लोंबायला लागलेले धावरे दर आठवड्याला कापून कचऱ्याच्या पिशवीत टाका, कंपोस्टमध्ये नाही.